लाडवाच्या डब्याची किल्ली

मुलुंडची आमची इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा माळ्यावरची ट्रंक खाली उतरवली. तिच्यात आजीची दोन लुगडी, बोथट झालेला अडकित्ता, जुन्या रेशनकार्डांची चळत आणि तांबड्या नाडीत ओवलेली एक पितळी किल्ली निघाली. बोटाच्या पेराएवढी. मी तिचा फोटो काढला आणि भावंडांच्या ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही. चार मिनिटांत अंधेरीहून उत्तर आलं, ‘आज पाळी कोणाची?’ मग घाटकोपर बोललं, मग पुणं, मग न्यू जर्सी. तिथे तेव्हा रात्रीचे तीन वाजले असतील. झोपेपर्यंत 182 मेसेज झाले होते. आम्ही अकरा चुलत-आत्येभावंडं, सगळ्यांत धाकटी आता साठीच्या उंबऱ्यावर आहे, आणि तरी त्या रात्री ‘माझी पाळी बुडवली होती’ ह्यावरून दोघांची खरीखुरी जुंपली.

दादाने तेवढं काही लिहिलं नाही. त्याच्या नावापुढे दोन निळ्या खुणा दिसल्या, बस्स.

तर ती किल्ली. मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या अंगाला आमच्या दोन खोल्या होत्या. पुढे सामाईक गॅलरी, गॅलरीच्या टोकाला संडास, खाली फरशा उखडलेलं अंगण. पूर्वेचा वारा सुटला की खारट दमट वास यायचा आणि वाळत घातलेले पापड उचलायला आई धावत सुटायची. एरवी घरात माणसं सहा. मे महिना लागला की मोठे काका बोरिवलीहून, आत्या अंधेरीहून आणि धाकटे काका घाटकोपरच्या पंतनगरातून आपापली पोरं आजीच्या दारात आणून सोडायचे. सोडायचे हाच शब्द बरोबर. बोरिवलीहून यायचं म्हणजे दादरला उतरून, पूल चढून, वेस्टर्नची गर्दी सोडून सेंट्रलच्या गर्दीत शिरायचं. अंधेरीकरांचंही तेच. आता 2014 पासून वर्सोवा-घाटकोपर मेट्रो आहे; तेव्हा आत्या मुलुंडला पोचेपर्यंत तिच्या पिशवीतल्या केळ्यांचं शिकरण झालेलं असायचं.

अकरा पोरं, दोन खोल्या आणि सांभाळायला आई व आजी. आजीने त्यावर जे काढलं ते मुलांवर संस्कार करावेत म्हणून काढलं, असं आमच्यातले काहीजण हल्ली सांगतात. मला ते पटत नाही. अंगावर आलं म्हणून काढलं. शिंगावर घेण्याइतकं बळ उरलं नव्हतं, म्हणून तिने ते वाटून टाकलं.

रोज सकाळी एका पोराच्या गळ्यात ती नाडी पडायची. तो आजचा कारभारी. सहा वर्षं पुरी झाली की पाळीत नाव लागायचं, मुलगा-मुलगी बघितलं जायचं नाही. किल्ली होती पत्र्याच्या एका पेटीवजा डब्याची, आणि डब्यात बेसनाचे लाडू, मोजून. कारभाऱ्याच्या हातात दोन रुपये यायचे. दूध आणणं, पिंप भरणं, आंघोळीच्या पाळ्या, दुपारचा खेळ, संध्याकाळी कोणी कोणाला घेऊन बाहेर जायचं, सगळं त्याने ठरवायचं. भांडण झालं तर आधी त्याच्याकडे. तिथे मिटलं नाही तरच आजीकडे. आणि आजीचा न्याय महाग असायचा, कारण ती दोन्ही पक्षांचा लाडू बंद करायची. कारभाऱ्याने सगळ्यात शेवटी जेवायचं, हा नियम ती कधीच मोडू द्यायची नाही. एकदा मी कारभारी असताना आमरस संपला. आईने माझ्यासाठी वाटीभर आधीच बाजूला काढून ठेवला होता. आजीने तो पाहिला आणि काही न बोलता माझ्या धाकट्या भावाच्या ताटात ओतला. मी रडले. आईलाही वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवसापासून रस वाढताना माझं लक्ष भांड्याच्या तळाकडे असायचं, ते आजतागायत.

आणि रात्री अंथरुणं पडली की हिशेब. आधी पैशांचा. तो जुळला नाही तर फार गाजावाजा व्हायचा नाही. मग आजी म्हणायची, ‘उद्याच्याला एक गोष्ट सांग.’ किल्ली गळ्यातून काढून पुढच्याच्या हातात ठेवायची आणि एकच वाक्य बोलायचं. ही वाक्यं ग्रुपवर पुन्हा वर आली तेव्हा आम्ही हसून हसून दमलो. ‘छोटीला संडासच्या रांगेत सगळ्यात आधी उभी कर.’ ‘पत्त्यांत बदाम राणी नाही, वाद घालू नका.’ ‘खालच्या काकूंना बारा ते तीन उठवू नका, त्या चावतात.’ सहा वर्षांच्या पोराला सोळा वर्षांच्या भावाला काहीतरी सांगायचा हक्क होता आणि मोठ्याने ते ऐकून घ्यायचं असायचं. आमच्या घरात नेतृत्व हा शब्द मी कधी ऐकला नाही. तो भाषणातला शब्द होता. आमचा शब्द कारभार.

आता भिंगरीबद्दल. ती आत्याची मुलगी. नाव वेगळं आहे, पण आजीने ठेवलेलं हे नाव तिला इतकं चिकटलं की लग्नाच्या पंगतीत तिच्या सासऱ्यांनीही तेच उच्चारलं. तिचं डोकं भयंकर चालायचं. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर, आणि उत्तर बहुतेक वेळा बरोबर. समोरच्याचं वाक्य ती पुरं करायची आणि मग ‘हेच म्हणायचं होतं ना?’ असंही विचारायची. शाळेतून तक्रारी यायच्या की ही वर्गात दुसऱ्याला बोलू देत नाही, बाकावर बसत नाही, बाईंच्या आधी फळ्यापाशी जाते. आत्या बिचारी ओशाळायची. घरात पाहुणे आले की तिला स्वयंपाकघरात काम द्यायची, म्हणजे तोंड बंद राहील. मे महिन्यात ती आमच्याकडे आली की आत्या जाताना आजीला हळूच सांगायची, ‘हिला जरा आवर.’

आजीने तिला आवरलं नाही. वयाने बसत होती म्हणून पाळीत घातलं.

1972 चा मे. भिंगरी आठ वर्षांची, त्या सुट्टीतली तिची पहिली पाळी. पहाटे साडेचारला ती उठली आणि सगळ्यांना उठवलं. दुधाच्या केंद्रावर तेव्हा रांग लावायला लागायची. आरेचं दूध काचेच्या बाटल्यांतून यायचं, वर पातळ पत्र्याचं झाकण, आणि आपल्या वाट्याला किती बाटल्या ते कार्डावर असायचं. कार्ड पत्र्याचं, खिशात ठेवलं की थंड लागायचं. माणसं आदल्या रात्रीच केंद्रासमोर दगड, विटा, फुटक्या कुंड्या ठेवून नंबर लावत. आमचा नंबर म्हणजे कडेला टवका गेलेली कौलाची खापरी. केंद्रावर बसणाऱ्या मुली कॉलेजातल्या असायच्या. बाटल्या देताना त्यांचं एक पुस्तक उघडंच असायचं.

भिंगरीने घरातून निघतानाच सगळं ठरवून टाकलं होतं. दोघांनी रांगेत उभं राहायचं, एकाने पिशवी धरायची, बाकीच्यांनी परत येईपर्यंत पिंप भरून ठेवायचं, कोणी किती बादल्या तेही. अगदी बिनचूक. आणि कोणीच काही केलं नाही. म्हणजे केलं, पण ती थांबलीच नाही. पिशवी धरणाऱ्याने पिशवी उलटी धरली म्हणून तिने ती ओढून घेतली. नळाशी बादली भरायला वेळ लागतोय म्हणून तिने स्वतःच लावली. चटया गुंडाळल्या, चहाचे कप विसळले, आंघोळीचा क्रम लावला. आठ वाजेपर्यंत अकरा जणांचं काम तिने एकटीने उरकलं होतं आणि आम्ही दहा जण गॅलरीत पाय सोडून बसलो होतो. दहा वाजता ती मोरीत बसून रडत होती. ‘कोणी ऐकतच नाही माझं.’

आजी मोरीच्या उंबऱ्यावर टेकली. मुलुंड स्टेशनाजवळ आयुष्य गेलेली बाई. तिची उपमा रेल्वेतूनच यायची. ती म्हणाली, ‘तुझं डोकं म्हणजे फास्ट लोकल. घाटकोपर सुटली की एकदम मुलुंड. पण भांडुपला उतरणाऱ्याने काय करायचं गं? तो बसतो बिचारा डब्यात हात चोळत.’ मग तिने मुनीला हाक मारली.

मुनी धाकट्या काकांचा, सात वर्षांचा. त्याला एक लाडू खायला वीस मिनिटं लागायची. काही विचारलं की तो आधी विचारणाऱ्याकडे बघायचा, मग छताकडे, मग बोलायचा. तोवर विचारणारा निघून गेलेला असायचा. घरात सगळे त्याला मंद समजत. खोटं कशाला बोलू, मीही समजत होते. आजीने भिंगरीला सांगितलं, ‘तुझी पाळी असेल तेव्हा हा तुझ्याबरोबर. हा निघू म्हणाला की निघायचं. हा तुझं भांडुप.’

त्या सुट्टीत भिंगरीच्या पुढच्या तीन पाळ्या मी जवळून पाहिल्या. पहिल्या दिवशी तिने मुनीला हाताला धरून अक्षरशः फरफटत नेलं; परतताना दुधाची एक बाटली त्याच्या हातून पडली, फुटली, आणि त्या दिवशी चहा काळा झाला. दुसऱ्या पाळीला ती रात्रीच त्याच्या शेजारी झोपली आणि उद्या काय काय करायचं ते त्याला सांगत बसली. मुनीने ऐकून घेतलं. बऱ्याच वेळाने विचारलं, ‘पण नळ सहाला जातो. मग बादल्या आधी नको?’ भिंगरी गप्प झाली. त्याचं बरोबर होतं. तिच्या बिनचूक योजनेत नळाची वेळच नव्हती. आमच्या घराण्यात तेव्हापासून एक शब्द रूढ झाला. कोणी बोलण्याच्या भरात पुढे धावायला लागलं की बाकीचे फक्त म्हणतात, ‘भांडुप.’ माझे यजमान लग्नानंतर दोन वर्षं समजत होते की आमचे कोणी नातेवाईक तिथे राहतात.

पुढच्याच वर्षी, 1973 च्या सुट्टीत, तळमजल्यावर टीव्ही आला होता. मुंबईचं केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि आमच्या इमारतीत त्याचं दर्शन त्या एका घरात घडायचं. रविवारच्या सिनेमाला पंचवीस-तीस पोरं दारात. घरमालकीण काकू वैतागून दार लावून घ्यायच्या. भिंगरीने मुनीशी सल्लामसलत करून तह केला. बुटके पुढे, उंच मागे भिंतीला टेकून. आणि जो बघेल त्याने सोमवारी सकाळी काकूंच्या दोन कळश्या भरून द्यायच्या. काकूंना पाण्याची ददात राहिली नाही. नंतर तर शनिवारीच त्या गॅलरीखाली उभ्या राहून विचारायच्या, ‘अगं, उद्या किती जण?’

ते वर्ष मात्र हसण्यासारखं नव्हतं. 1972 चा दुष्काळ अजून सरला नव्हता. रेशनवर मिलो मिळायचा, लालसर, त्याची भाकरी थापताना कडा फाटायच्या आणि गिळताना घसा. साखर मोजून, रॉकेलला रांग, तेलाचं नाव काढायची सोय नाही. मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली होती. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी, एरवी वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र. लाटणी हातात घेऊन मोर्चे निघत. आत्या गोरेगावच्या मृणालताईंच्या मागे आधीपासून जायची. त्यातल्या एका मोर्चाला तिने आईलाही ओढलं आणि कोणालाच अंदाज नसताना आजीनेही लुगड्याचा काष्टा आवळून घरातलं लाटणं उचललं. बाबा कामावर. घरात अकरा पोरं. आणि त्या दिवशी किल्ली माझ्या गळ्यात. मी अकरा वर्षांची.

दुपारी दारात तिघंजण उभे. आजीच्या माहेरचे, माण तालुक्यातले. नवरा, बायको, एक पोर, दोन गाठोडी. गावात पाणी नाही, काम नाही, मुंबईत कुठे काही मिळतंय का बघायला आलेले. मी त्यांना आत बसवलं आणि पुढे काय करायचं ते सुचेना. साखरेच्या डब्यात जेमतेम दोन चमचे, आठवडा जायचा होता. भिंगरी बाणासारखी सुटली, ‘गुळाचा चहा कर!’ केला. गूळ घातलेलं दूध उकळताना नासलं. भिंगरी लगेच, ‘सरबत! नाही, ताक! नाही, शेजारून साखर आणते!’ ती चप्पल घालून दारात पोचली होती. मी फाटक्या दुधाकडे बघत उभी होते. मुनी इतका वेळ त्या पाहुण्यांच्या पोरासमोर मांडी घालून बसला होता. त्याने छताकडे बघितलं आणि त्या बाईंना विचारलं, ‘तुम्ही जेवलात का?’

कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी आदल्या दिवशी दुपारी खाल्लं होतं.

भिंगरी दारातून परत फिरली. तिने चप्पल काढली, चूल नव्हे स्टो पेटवला, आणि आम्ही तिघांनी मिळून पिठलं केलं, गुठळ्यांचं. शेजारून चार भाकऱ्या आणल्या. आणि मी डबा उघडला. माझ्या पाळीला, कोणाला न विचारता, वेळ झालेली नसताना. नऊ लाडू काढून त्यांच्यापुढे ठेवले. मागे दहा पोरं बघत होती, एकाने तोंडातून अक्षर काढलं नाही.

रात्री आजी परतली. पाय सुजलेले, आवाज बसलेला, लाटण्याला बारीकशी चीर. हिशेबाला बसली.

‘लाडू किती?’

‘नऊ.’

‘माणसं किती?’

‘तीन.’

‘वाटेसाठी बांधून दिले?’

‘नाही.’

‘मग हिशेब अर्धाच जमला,’ आजी म्हणाली आणि पाय चेपायला पुढे केले. माझी पाठ कोणी थोपटली नाही. पण दुसऱ्या दिवशी मी तिला शेजारच्या काकूंना सांगताना ऐकलं, ‘काल घरात मी नव्हते तरी घर होतं.’ हे वाक्य तिने माझ्या तोंडावर उच्चारलं असतं तर मी कदाचित विसरून गेले असते.

त्याच सुमारास पुण्याचे एक नातलग आले होते. भिंगरीचं बोलणं अर्धा तास ऐकून ते थक्क झाले. म्हणाले, पुण्यात अप्पा पेंडशांनी 1962 मध्ये ज्ञान प्रबोधिनी काढली आहे, तीव्र बुद्धीच्या मुलांनी पुढे समाजात पुढाकार घ्यावा म्हणून. 1969 पासून त्यांची शाळाही आहे. हिला तिथेच घालायला हवी. आत्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा लेकीबद्दल अभिमान दिसला. मग ते म्हणाले, पण शाळा मुलग्यांची आहे. मुलींची शाळा सुरू झाली 1975 मध्ये. तोवर भिंगरी अंधेरीच्या शाळेत सातवीची वेस ओलांडत होती आणि पुण्याचा विषय मागे पडला होता. ती अजून म्हणते, ‘मला प्रबोधिनी मिळाली नाही, मला भांडुप मिळालं.’ हे ती गमतीत म्हणते की नाही, मला कधी कळलेलं नाही.

गळ्यात किल्ली घालताना आजी मुलगा-मुलगी बघायची नाही हे खरं. पण गॅलरीच्या बाहेर जग बघायचं. इमारतीच्या गणपतीची वर्गणी दोन वर्षं भिंगरीने आणि मी दारोदार फिरून गोळा केली, पावत्या फाडल्या, पै-पैचा जमाखर्च लिहिला. आरतीनंतर माइकवर उभे राहिले ते मोठे मुलगे. आजीने त्यावर काहीही केलं नाही. तिला ते खटकलं तरी होतं का, कोण जाणे.

माइक भिंगरीला मिळाला तो मार्च 1977 मध्ये. आणीबाणी संपत आलेली, निवडणूक लागलेली, मृणालताई उत्तर मुंबईतून उभ्या. आत्या रोज गोरेगावला प्रचाराला, भिंगरी तिच्याबरोबर. निकाल लागला तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा सगळ्या उपनगरांत दुमदुमत होती. तेरा वर्षांच्या भिंगरीने ती चाळीच्या पटांगणात दिली, मी बघायला गेले होते. पहिला अर्धा भाग ती म्हणायची आणि थांबायची. दुसरा अर्धा लोकांचा. ज्या मुलीने जन्मात कोणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं, ती आपलं अर्धं वाक्य दोनशे लोकांच्या हातात देऊन शांत उभी होती. मी मुनीला कोपराने ढोसलं. तो म्हणाला, ‘बघतोय.’

एवढं सांगून थांबले असते तर हा लेख गोड झाला असता. पण किल्ली सापडली तेव्हा दादा गप्प राहिला, त्याचं कारण 1975 च्या मे महिन्यात आहे.

त्या वर्षी आम्ही सगळे दोन दिवस बोरिवलीला काकांकडे होतो. कान्हेरीची सहल ठरली. मोठं माणूस बरोबर नाही. दादा सोळाचा, किल्ली त्याच्या गळ्यात. डबा मुलुंडला होता, पण नाडी आम्ही बरोबर नेली होती. नॅशनल पार्कच्या फाटकापासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर. ऊन रणरणतं. लेणी पाहिली, डबे खाल्ले, परत निघताना दादाने माणसं मोजली. अकरा. फाटकाशी पुन्हा मोजली. दहा. वरच्या मोजणीत दुसऱ्याच कोणाचं तरी एक पोर आमच्यात उभं होतं.

मुनी नव्हता.

दादा एकटा पळत वर गेला. आम्ही फाटकाशी बसलो. अडीच तास. भिंगरीला कोणीतरी धरून ठेवलं होतं, नाहीतर तीही पळाली असती. मुनी सापडला तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, व्हरांड्यातल्या त्या उंच बुद्धमूर्तीच्या पायाशी, गुडघे जवळ घेऊन बसलेला. रडत नव्हता. दादा मात्र खाली आला तो ओकत ओकत. त्याने सगळ्यांना घरी नेलं, काकांना खरं ते सांगितलं. मुलुंडला परतल्यावर त्याने नाडी गळ्यातून काढून आजीसमोर ठेवली आणि म्हणाला, ‘मला नको आता.’

आजी म्हणाली, ‘बरं.’

एवढंच. रागावली नाही, समजूत घातली नाही. ‘उद्याच्याला एक गोष्ट सांग’ असंही म्हणाली नाही. पुढच्या पाळीला दादाचं नाव वगळलं गेलं आणि तसंच राहिलं. मला अलीकडे वाटतं की आजीला ओझं द्यायचं फार चांगलं जमत होतं. ते खाली उतरवून घ्यायला ती शिकली नव्हती. तिला तरी कोणी शिकवलं असणार? दादा पुढे बँकेत लागला. चांगली नोकरी केली. दोनदा बढती नाकारली. कारण विचारलं तर म्हणायचा, बदली होईल.

भिंगरीची नात आता आठ वर्षांची आहे. आजीवरच गेली आहे, म्हणजे भिंगरीवर. तिच्या आईने, भिंगरीच्या सुनेने, शनिवार-रविवारचा एक वर्ग शोधला आहे. मुलांना आत्मविश्वासाने बोलायला, गटाचं पुढारपण करायला शिकवतात, शेवटी प्रमाणपत्र देतात. भिंगरी त्याला नाही म्हणाली नाही. मीही नाक मुरडणार नाही. अकरा पोरं आता कोणाच्या घरी येणार आहेत? पण रविवारी सकाळी ती नातीच्या हातात दोनशे रुपये, पिशवी आणि शेजारचा पाच वर्षांचा मुलगा देते. भाजी काय आणायची ते सांगत नाही, रात्री किती माणसं जेवायला आहेत तेवढं सांगते. स्वतः बाजाराच्या टोकाला रसवंतीत बसून राहते. पहिल्या रविवारी पोरीने दोनशे रुपयांची नुसती स्ट्रॉबेरी आणली. रात्री सगळे तीच जेवले, पोळीबरोबर. भिंगरी मला फोनवर म्हणाली, ‘रात्री मी तिला जवळ घेऊन बसले गं. फसलं ते सांगून झाल्यावर जवळ घ्यायचं. आजीचं तेवढं राहिलं होतं.’

ग्रुपवर किल्लीचं काय करायचं ही चर्चा दोन दिवस चालली. फ्रेम करावी, चिठ्ठ्या टाकाव्यात, दरवर्षी पाळीने फिरवावी. तिसऱ्या दिवशी दादाने पहिल्यांदा लिहिलं, ‘कुलूप आहे का बरोबर?’

कुलूप नव्हतं. डबाही केव्हाच भंगारात गेला होता. मी तसं कळवलं.

त्यानंतर बराच वेळ वर ‘मुनी लिहीत आहे’ असं दिसत राहिलं. जात होतं, पुन्हा येत होतं. शेवटी आलं: ‘दादा, मी हरवलो नव्हतो. आजी म्हणायची चुकामूक झाली तर जागचं हलायचं नाही. मी हललो नाही. मला माहीत होतं तू येशील. हे मी तेव्हा सांगायला हवं होतं, पण तू खूप पळून आला होतास. किल्ली मी आणून देतो. रविवारी.’

मग पुन्हा धुमाळी. मुलुंडहून किल्ली घेऊन बोरिवलीला दादाकडे कसं जावं ह्यावर अकरा कारभाऱ्यांची अकरा मतं. दादरवरून जा. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने बस मिळते. घोडबंदरवरून गाडी काढ. घाटकोपरला मेट्रो पकड, अंधेरीला उतर, माझ्याकडे चहा घे आणि पुढे जा, किती वाजता निघणार, पहिल्या डब्यात बस, रविवारी मेगाब्लॉक असतो तो आधी बघ. हे शेवटचं सगळं भिंगरीचं, एका दमात सात मेसेज. न्यू जर्सीहून एकच शब्द आला, ‘भांडुप.’

त्याखाली दादाचं उत्तर होतं, मुनीला.

‘सावकाश ये. मी जागचा हलत नाही.’